वाटीतले चार स्क्रू

१

सुतारमामांच्या ड्रॉवरमधली कापडी पिशवी नाहीशी झाली, आणि तीही नेमकी तिचं काम पडायच्या आदल्या दिवशी.

हे सगळ्यांत आधी कळलं ते बाईंना. बाई संध्याकाळच्या चहाची किटली घेऊन कारखान्यात शिरल्या. कारखाना म्हणायचं आपलं एक. इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, भिंतीवर करवती आणि रंधे टांगलेले, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. मामा तिथे जुनं फर्निचर दुरुस्त करायचे. त्या दिवशी खोलीभर पॉलिशचा वास होता. बाईंनी सवयीने किटली सरसाच्या छोट्या शेगडीवर ठेवली. शेगडी कोमट होती, म्हणजे चहा गरम राहणार, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं.

"बाई, गेली," मामा म्हणाले.

"कोण गेली?"

"पिशवी. कागदांची."

बाईंनी बघितलं. ड्रॉवर सताड उघडा, आणि कुलूप मात्र बंद! म्हणजे कुलूप कडीला लागलेलं तसंच होतं, पण ती कडीच ड्रॉवरवरून निघून टेबलावर येऊन बसली होती. शेजारच्या स्टीलच्या वाटीत कडीचे चार स्क्रू. लाकडाला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"मी दोन वाजता खुर्च्या पोचवायला गेलो होतो. चारला आलो तर हे असं," मामा म्हणाले, आणि स्क्रू उचलून कडी पुन्हा जागच्या जागी बसवायला लागले. "जाऊ द्या बाई. नशिबात नव्हतं. चहा घेता का?"

"चहा मीच आणलाय हो! आणि जाऊ द्या काय जाऊ द्या?"

आता हे प्रकरण एवढं मोठं का, ते सांगायला हवं. मामा बारा वर्षांपूर्वी एका फर्निचर कंपनीच्या व्हिसावर या परक्या देशात आले. दोन वर्षांत कंपनी बुडाली, मालक पळाला, व्हिसा संपला. मामा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले ते राहिलेच. पहिल्या वर्षी भीती वाटायची, दुसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली, आणि पुढे तर परत जायचं कसं हेच कळेना. विमानतळावर पासपोर्ट दाखवला की थेट कोठडी, आणि तिथून बाहेर पडलं तरी या देशाचं दार कायमचं बंद. म्हणून मामा कुठे नाव सांगत नसत, कुठे सही करत नसत, फोटोत उभे राहत नसत.

आणि आता सरकारला अचानक पाझर फुटला होता. दहा वर्षं सलग इथे राहिल्याचा, दर वर्षाचा एक तरी पुरावा दाखवा, आणि रीतसर परवाना घ्या. परवाना मिळाला की घरी जायचं, बायकोला भेटायचं, परत यायचं, सगळं ताठ मानेने. मुदत उद्या दुपारपर्यंत. बाईंच्या सुनेने मामांचा अर्ज भरून दिला होता. पुरावे त्या पिशवीत होते.

तिकडे गावाकडे मामींनी घराला रंग काढला होता. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, आणि तो स्पीकरवर असल्यामुळे सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. "बारा वर्षं फोनवर भांडून माझा घसा बसलाय. एकदा समोर येऊन बसा, मग बघते तुमच्याकडे!"

त्या समोर बसण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"मामा," बाई म्हणाल्या, "पिशवीत काय काय होतं?"

"शेठची दर वर्षाची पगाराची चिठ्ठी. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. आणि माझा खोलीसोबती रेडिओ, त्याच्या हातच्या खोलीभाड्याच्या पावत्या."

"आणि मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते कोणाकोणाला ठाऊक आहे?"

मामांनी शेवटचा स्क्रू घट्ट पिळला. मग खाली मान घालून म्हणाले, "त्याच तिघांना."

२

बाईंबद्दल दोन शब्द. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, विज्ञानाच्या. तीस वर्षं त्यांनी परीक्षेच्या वर्गांवर पहारा दिला होता. चपलेत, वेणीत, कंपासपेटीच्या झाकणाखाली, कुठेही दडवलेली कॉपी त्या चालता चालता काढत. निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला आल्या त्या तीन महिन्यांसाठी, आणि नात सोडेना म्हणून गेल्याच आठवड्यात परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन मुक्काम वाढवून आल्या. तिथल्या दारावरच्या माणसाने त्यांच्या पर्सवर एक गोल पिवळा स्टिकर थापला होता. तो नखाने निघेना, तेलाने निघेना. नात रोज म्हणायची, "आजी, एवढी हुशार तू, आणि एक स्टिकर निघत नाही तुझ्याच्याने!"

बाईंचं म्हणणं असं, की ज्यानं कॉपी केलीय तो पोरगा शेजाऱ्याच्या पेपरात कधी डोकावत नाही. तो आपला शांतपणे समोरच्या फळ्याकडे बघत बसतो, आणि फळ्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. तर अशा फळ्याकडे बघणाऱ्याला शोधायला बाई निघाल्या.

आधी गाठलं शेठला. शेठचं दुकान रस्त्याच्या बाजूला होतं. माणूस तोंडाने तिखट. मामांच्या हातच्या खुर्च्या विकून त्याचं दुकान चालायचं, आणि व्हिसा नसलेल्या माणसाला कामावर ठेवल्याचं उघड झालं असतं तर ते दुकान बंदही पडलं असतं.

"दोन ते चार कुठे होतात, शेठ?"

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही, त्याहून वाईट. मी पर्यवेक्षक आहे. सरळ बसा आणि सांगा."

शेठ खरोखरच सरळ बसले. "बँकेत होतो. रांग होती. काय हो, बँकेत जायची चोरी आहे का?"

"कोटावर ते काय सांडलंय?"

शेठने दचकून छातीवर हात ठेवला. बोटांच्या फटीतून काहीतरी पिवळं दिसत होतं. "आमटी," शेठ म्हणाले. बँकेच्या रांगेत आमटी कोण वाढतं, हा प्रश्न बाईंनी पोटातच ठेवला.

मग डॉक्टर. तळमजल्यावरच त्यांचा दवाखाना. भला माणूस, पण खोटं बोलायचं म्हटलं की कान लाल होणारा. दहा वर्षांपूर्वी मामांच्या अंगठ्यावर हातोडी बसली होती. व्हिसा संपून आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे मोठ्या इस्पितळात जायची सोय नाही. याच डॉक्टरांनी नाव-गाव न विचारता स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाके घातले. तेव्हापासून मामांचं ते नख मधोमध दुभंगलेलं, आणि डावीकडची फाळी शिंगासारखी वर आलेली. नाव न नोंदवता उपचार केल्याचं वर कळलं असतं तर डॉक्टरांची पाटी उतरली असती.

"मी ना, दवाखान्यातच होतो," डॉक्टर म्हणाले. कान लाल झाले.

"पण दारावर तर ‘साडेचारनंतर या’ अशी पाटी अजून लटकतेय."

"आत झोपलो होतो." आता कान जांभळे. हे बोलताना ते मोबाइलच्या पाठीवर चिकटलेलं काहीतरी नखाने खरवडत होते. बाई बघतायत म्हटल्यावर त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

उरला रेडिओ. हा शेठचा टेम्पो चालवायचा आणि मामांच्याच खोलीत राहायचा. सकाळी डोळे उघडल्यापासून जगाच्या बातम्या सांगत सुटायचा, म्हणून रेडिओ. खोली त्याच्या एकट्याच्या नावावर होती. दुसरा माणूस ठेवलाय हे घरमालकाला कळलं असतं, तर त्याचं बोचकं त्याच दिवशी रस्त्यावर आलं असतं.

बाई वर गेल्या तर रेडिओ बंद! खाटेवर गप्प बसलेला, डोक्यावर टोपी, घरात असूनही.

"काय रे, आज बातम्या नाहीत?"

"बातम्यांनीच घोळ घातलाय बाई," तो म्हणाला. "काल मामांना वाचून दाखवली मी. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या कामगाराला परवाना मिळाला, पण त्याच्या कागदांवरून बेकरीवालाच गोत्यात आला. बेकरीला टाळं लागलं. मामा तेव्हापासून नीट जेवलेसुद्धा नाहीत."

"आज दोन ते चार तू कुठे होतास? खुर्च्या पोचवायला मामा हातगाडी घेऊन गेले. टेम्पो कुठे होता?"

"ट्रॅफिकमध्ये."

"दोन तास?"

"फार ट्रॅफिक होतं हो बाई."

"टोपी काढ."

"नको."

"काढ म्हणते ना!"

रेडिओने टोपी काढून मांडीवर उलटी धरली. तो तिला असा कवटाळून बसला की बाईंना हसूच आलं. पण तेवढ्यात टोपीच्या कडेला त्यांना जे हवं होतं ते दिसलं होतं. बाईंनी आपली पर्स उचलली, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"चल खाली. शेठला आणि डॉक्टरांनाही घेऊन ये. पाच मिनिटांत सगळे कारखान्यात."

३

तिघं आले, आणि कोणी कोणाच्या नजरेला नजर देईना. मामा एका खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर घासत बसले होते. तो पाय गुळगुळीत होऊन जमाना झाला होता.

"शेठ, कोटावरचा हात काढा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, मोबाइल पालथा ठेवा टेबलावर. रेडिओ, टोपी."

तिघांकडे एकच वस्तू निघाली. अर्धवट खरवडलेला, गोल, पिवळा स्टिकर. बाईंनी आपली पर्स त्यांच्या रांगेत ठेवली.

"हा स्टिकर गावात एकाच दारावर लावतात. मी आठवडाभर याच्याशी झटतेय, तेव्हा मला शिकवू नका. तुम्ही तिघंही आज दुपारी परदेशी नागरिकांच्या कचेरीत होतात. का गेला होतात?"

मग शेठच उखडले. "डॉक्टर, तुम्ही तिथे?"

"मी खांबामागे होतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दिसलात म्हणून."

"आणि मी तुम्हा दोघांना बघून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं," रेडिओ म्हणाला. "एकच पान दोन तास वाचलं. सगळ्या जाहिराती पाठ झाल्या!"

"तरीच! मला वाटलं, हे कोण येडं उलटं वर्तमानपत्र वाचतंय!" शेठ म्हणाले.

"ते राहू दे. कशाला गेला होतात?" बाईंनी आवाज चढवला.

शेठने घसा खाकरला. तिखट माणसाला गोड बोलायची वेळ आली की अशीच पंचाईत होते. "विचारायला गेलो होतो. मामाच्या कागदांवरून माझ्यावर काय येईल ते. खिडकीवरच्या बाईने सांगितलं, यायचं ते येईलच. मी म्हटलं, येऊ दे. दुकान गेलं तर दुसरं काढीन. असा सुतार मला कुठे मिळणार? नाव आज सांगितलं नाही, पण उद्या स्वतः येऊन साक्ष देतो असं सांगून आलो."

"मीही तेच सांगितलं," डॉक्टर पुटपुटले. आता कान लाल नव्हते.

"मीपण," रेडिओ म्हणाला. "खोलीच आहे हो, दुसरी बघू. पण मामा नसले तर मी बातम्या सांगू कोणाला?"

बाईंना भरून आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग परीक्षेच्या वर्गातला सूर पुन्हा धरला.

"म्हणजे कागद नाहीसे व्हावेत असं यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. आणि दोन ते चार हे तिघं एकमेकांपासून लपत एकाच रांगेत उभे होते. मग पिशवी नेली कोणी?"

घासण्याचा आवाज थांबला.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "चोर घाईत असतो. तो पटाशी घालून ड्रॉवर फोडतो. या चोराने काय केलं? पेचकस घेतला, चार स्क्रू एकेक करून सोडवले, हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवले, आणि लाकडाला चरासुद्धा पडू दिला नाही. ज्याने तो ड्रॉवर स्वतःच्या हाताने बनवलाय, त्याच्याच जिवावर येतं तो फोडायचं."

मामांनी हातातल्या पॉलिश पेपरची घडी घातली.

"दुसरं. पॉलिशच्या दिवशी इथे काडीसुद्धा ओढायची नाही, भडका उडेल, हा नियम तुमचाच. मी एकदा उदबत्ती लावली होती तर केवढे ओरडला होतात! आणि आज पॉलिशचा दिवस असून सरसाची शेगडी कोमट होती. माझा चहा अजून गरम आहे बघा. आणि तिसरं, ज्याचं सर्वस्व चोरीला गेलं तो माणूस दहा जणांवर संशय घेतो. तुम्ही एकावरही घेतला नाहीत. फळ्याकडे बघत बसलात."

मामांनी पॉलिश पेपर खाली ठेवला.

"जाळले बाई," ते म्हणाले. "पॉलिश केलेलं सगळं आधी बाहेर काढलं आणि मग जाळले. काय करणार होतो? एकेका कागदावर यांचं एकेकाचं नाव. ज्यांनी मला दहा वर्षं झाकून ठेवलं, त्यांना मीच उघड्यावर आणू? स्वतःच्या हाताने जाळले म्हटलं असतं तर हे तिघं नवे कागद लिहून द्यायला धावले असते. म्हणून म्हटलं, चोरीच झाली म्हणावं. पण चोरी कशी करतात तेच येईना हो मला!"

आणि मामा रडायला लागले. शेठ त्यांच्या पाठीवर थोपटत होते आणि तोंडाने "मूर्ख आहेस, शुद्ध मूर्ख आहेस" असं म्हणत होते. डॉक्टर नवा कागद लिहायला पेन शोधायला लागले, तर मामांनी त्यांचा हातच धरला. "तुम्ही लिहा, मी पुन्हा जाळीन. माझं घर बांधायला तुमचं पाडायचं नाही मला."

बाईंनी ओळखलं, हा माणूस ऐकणार नाही. कोडं सुटलं होतं, पण त्या सुटण्याचा काडीचा उपयोग नव्हता. परवाना नाही म्हणजे मामी नाहीत, समोरासमोरचं भांडण नाही, काहीच नाही. एवढी वर्षं पोरांना पकडण्यात घातलेल्या बाईंना पहिल्यांदाच वाटलं की पकडलं नसतं तर बरं झालं असतं.

४

हे सगळं चाललं असताना बाईंची नात दार ढकलून आत आली आणि तिच्यामागोमाग सून. एवढे लोक डोळे पुसतायत हे बघून सून घाबरली. रेडिओने तिला दोन मिनिटांत सगळी हकिगत ऐकवली. रेडिओ पुन्हा चालू झाला होता.

"मामा," सून म्हणाली, "उद्या काय व्हायचं ते होईल. आज सगळे जमलोय तर एक फोटो तरी काढू. तुमचा एकही फोटो नाही आमच्याकडे."

सगळे दाटीवाटीने उभे राहिले. सुनेने मोबाइल पुढे धरला, तोच मामा गर्दीतून बाहेर आले. सवय कुठे जाणार! "आणा इकडे, मी काढतो," म्हणाले, आणि फोटो काढलासुद्धा.

नातीने मोबाइल बघितला आणि ती फिदीफिदी हसायला लागली. "आला बघा! मामाआजोबांचा अंगठा!"

"नेहमीचंच आहे," सून म्हणाली. "माझ्या पोरीचा एक वाढदिवस नाही, जिथे यांनी फोटो काढलाय आणि कोपऱ्यात यांचा अंगठा नाही. मी दर वर्षी डोकं आपटते."

बाई जागच्या जागी थबकल्या. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"डोकं आपटते."

"अगं ते नाही, त्याच्या आधीचं! एक वाढदिवस नाही म्हणालीस ना?"

"हो. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत सगळे फोटो यांनीच काढलेत. हे स्वतः फोटोत यायला घाबरायचे ना, म्हणून..."

बाईंनी मामांचा उजवा हात पकडून दिव्याखाली ओढला. दुभंगलेलं नख, डावीकडची फाळी वर आलेली. असं नख अख्ख्या जगात दुसऱ्या कोणाचं असणं कठीण.

"अल्बम!" बाई ओरडल्या. "वर चला सगळे!"

जिना चढताना शेठना धाप लागली, पण थांबायला कोण तयार होतं? वर जाऊन बाईंनी अल्बम उघडला. पहिला वाढदिवस, केक, टाळ्या वाजवणारी माणसं. दुसरा, तिसरा, चौथा. बाई पानं उलटत राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला. एकाही फोटोत अंगठा नव्हता. फोटो मात्र विचित्र आकाराचे होते, कुठे अरुंद, कुठे चौकोनी.

"अगं, अंगठे कुठे गेले?"

सून ओशाळली. "छापायच्या आधी मी कापून टाकायची आई. कसं घाण दिसायचं ते!"

मामा मटकन खुर्चीत बसले. रेडिओनेही टोपी डोळ्यांवर ओढली.

तेवढ्यात बाईंचा मुलगा ऑफिसातून आला. दारातच सगळ्यांनी त्याला एकदम सगळं सांगितलं, त्यामुळे त्याला काहीच कळलं नाही. शेवटी लेकीने सांगितलं तेव्हा कळलं. "हात्तिच्या," तो बूट काढत म्हणाला. "हिने कापले ते छापायचे. मूळचे फोटो मी कॉम्प्युटरवर ठेवलेत की सगळे, तारखेसकट. मी कधी काही टाकून देतो का? हीच तर बोंब मारत असते त्यावरून."

आणि खरंच, एकामागून एक अंगठे पडद्यावर यायला लागले. पहिल्या वाढदिवसाला साजरं-गोजरं, सरळ नख. दुसऱ्याला पांढरी पट्टी बांधलेली. तिसऱ्यापासून पुढे मात्र दर वर्षी, केकच्या वर, फुग्यांच्या खाली, एकदा तर बाईंच्या व्याह्यांच्या अख्ख्या डोक्यावर, तेच ते शिंग असलेलं नख. प्रत्येक नवा अंगठा आला की खोलीत टाळ्या पडत होत्या. डॉक्टर पट्टीकडे बघून म्हणाले, "गाठ माझीच आहे," आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"यात शेठ नाहीत, डॉक्टर नाहीत, रेडिओ नाही," बाई म्हणाल्या. "एका पोरीचे वाढदिवस आहेत, आणि वाढदिवसाला पाहुणा बोलावला म्हणून कोणाला दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. काय मामा, हे तरी जाळणार नाही ना?"

मामांनी फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, जणू तो त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या माणसाने सगळ्यांना पिवळे स्टिकर लावले. बाईंच्या पर्सवर आता दोन झाले.

खिडकीपलीकडे एक जाड चष्म्याच्या, रुक्ष चेहऱ्याच्या अधिकारीणबाई होत्या. सुनेने छापून आणलेले फोटो एकेक करून समोर ठेवले. नातीचा जन्मदाखला ठेवला.

"यात अर्जदार कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोपऱ्यात," बाई म्हणाल्या. मुलाने त्याचं भाषांतर केलं.

"कोपऱ्यात बोट आहे."

"तेच अर्जदार."

अधिकारीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ड्रॉवरमधून भिंग काढलं. मामांनी काचेखालच्या फटीतून अंगठा आत सरकवला. अधिकारीणबाई एकदा फोटोकडे बघत, एकदा अंगठ्याकडे. तिसरा वाढदिवस. चौथा. पाचवा. मागे रांगेतले लोकही माना उंचावून बघायला लागले. सातव्या फोटोला त्यांच्या ओठांची कड हलली. आठव्याला, म्हणजे व्याह्यांच्या डोक्यावर अंगठा आला तेव्हा, त्या खळखळून हसल्या, आणि हसतच भिंग घेऊन आत साहेबांकडे गेल्या.

बाहेर बाकावर बसून सगळ्यांनी किती वेळ काढला ते कोणालाच आठवत नाही. शेठ येरझाऱ्या घालत होते. रेडिओने वर्तमानपत्र आणलं होतं, आज सरळ धरलेलं, पण वाचत नव्हता.

काचेआडून पुन्हा त्या दिसल्या. "साहेब म्हणतात, त्यांनी आजवर पुष्कळ पुरावे पाहिले, पण अर्जदाराने इतक्या चिकाटीने दर वर्षी दिलेला पुरावा हा पहिलाच. यातल्या एकाही फोटोत चेहरा नाही, पण माणूस मात्र तोच आहे. मंजूर."

मुलाने भाषांतर करायची गरजच पडली नाही. शिक्का उठल्याचा आवाज सगळ्यांना कळला. शेठनी मामांना उचललंच, आणि मग कंबर धरून खाली ठेवलं.

पंधरवड्याने मामा विमानात बसले. निघताना विमानतळावर सगळ्यांचा फोटो निघाला, मामा मधोमध. तो बाईंनी काढला. जरा हलला, पण चालायचंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तो मामींचा, आणि इमारतीला ऐकू जाईल असाच. "बाई, माणूस पोचला हो! तुमचे उपकार कसे फेडू? पण एक सांगा, हा अंगठा कधी फुटला? दहा वर्षांपूर्वी? दहा वर्षं रोज फोन करतात, आमटीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा सांगतात, आणि अंगठा फुटला हे नाही सांगितलं! का, तर म्हणे तू काळजी करशील. आता बसलेत समोर मान खाली घालून. थांबा, फोटो पाठवायला सांगते."

फोटो आला. अर्ध्याहून जास्त जागा एका दुभंगलेल्या नखाने अडवलेली. उरलेल्या जागेत नवा रंग दिलेली भिंत, आणि तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मामी. तोंड भांडायला उघडलेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सुनेने तो छापून आणला. कडेचं काहीही न कापता.